कामावरून काढलंय आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगार मदत केंद्राच्या टेबलावर बसून वर्षानुवर्षं जे प्रश्न ऐकले, ते त्याच क्रमाने इथे लिहिले आहेत. बहुतेक उत्तरं महाराष्ट्रातल्या खासगी नोकरीबद्दल आहेत. शिक्षक, सरकारी नोकर आणि गोव्यातले वाचक यांच्यासाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

आजच काढलं. आधी काय करू?

कशावरही सही करू नका, राजीनाम्यावर तर नाहीच. केबिनमध्ये बसवतात, फोन काढून घेतात आणि म्हणतात, "राजीनामा दे, म्हणजे अनुभवाचा दाखला चांगला देतो. नाहीतर काढून टाकल्याचा शेरा मारतो." माणूस घाबरतो आणि लिहून देतो. त्या एका कागदाने सगळी केस फिरते. मालकाने काढलं असेल तर का काढलं, याचं उत्तर मालकाने द्यायचं असतं. राजीनामा असला की तो जबरदस्तीने घेतला, हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

सही होऊन गेली असेल तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कंपनीला ईमेल आणि पत्र पाठवा: "अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक व्यक्तींनी दबाव आणून माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. तो मी मागे घेत आहे. मी कामावर यायला तयार आहे." महिन्याभराने पाठवलेल्या अशा पत्राचं वजन खूपच कमी होतं.

मला पत्रच दिलं नाही, नुसतं गेटवर अडवलं. मग?

हे सगळ्यात जास्त घडतं. सिक्युरिटीवाला म्हणतो, "वरून ऑर्डर आहे, आत सोडू नका." तुम्ही चार दिवस फेऱ्या मारता आणि मग घरी बसता. पंधरा दिवसांनी पत्र येतं की तुम्ही न सांगता गैरहजर आहात. त्यानंतर गैरहजेरीच्या आरोपाखाली नाव कमी होतं.

म्हणून गेटवर अडवलं त्याच दिवशी पत्र पाठवा: मी आज कामावर आलो होतो, मला आत घेतलं नाही. पूर्वी आपण हे रजिस्टर एडीने पाठवायचो. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतलं आहे. तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा, पोच मागा आणि पावती जपून ठेवा. गेटसमोरचा मोबाइलवरचा फोटो, त्या दिवशीची बसची तिकिटं, बरोबर असलेल्या सहकाऱ्याचं नाव, हे सगळं लिहून ठेवा. कंपनीकडून गैरहजेरीचं पत्र आलं तर त्याला उत्तर दिल्याशिवाय राहू नका. खोट्या गैरहजेरीच्या आरोपावरून काढणं ही महाराष्ट्राच्या कायद्यात स्वतंत्रपणे नोंदवलेली 'अनुचित कामगार प्रथा', म्हणजे मालकाला मनाई असलेली वागणूक आहे. त्या कायद्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फुकट वकील खरंच मिळतो? की नुसतं बोर्डावर लिहिलेलं असतं?

मिळतो, आणि कुणाच्या मेहरबानीने नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक, आपत्तीत सापडलेले लोक या सगळ्यांबरोबर त्या यादीत 'औद्योगिक कामगार' असा वेगळा उल्लेख आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना हा शब्द तिथे आहे हेच माहीत नसतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते.

याचा अर्थ असा की तुम्ही कामगार असाल, तर पगार किती हा प्रश्नच येत नाही. उत्पन्नाची मर्यादा, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये, ही या यादीत न बसणाऱ्यांसाठी आहे. स्त्रियांनाही उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे एखादी बाई मॅनेजर असली आणि तिला लाखभर पगार असला, तरी तिला मोफत वकील मागता येतो.

मोफत म्हणजे वकिलाची फी तर नाहीच, पण कोर्ट फी, समन्स बजावण्याचा खर्च, अर्ज तयार करणं, निकालाच्या प्रती, गरज असेल तर कागदांचं भाषांतर, हे सगळं त्यात येतं.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तिथले विधी स्वयंसेवक तुमचं ऐकून अर्ज भरून देतात. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. अर्ज ऑनलाइनही करता येतो, पण आमचा सल्ला आहे की जमत असेल तर स्वतः जा. समोर बसून सांगितलेली गोष्ट कागदापेक्षा लवकर कळते.

बरोबर आधार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र किंवा पगाराची पावती आणि काढल्याचं पत्र असेल तर ते न्या. उत्पन्नाच्या आधारावर अर्ज करणाऱ्याने उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. तहसीलदाराच्या दाखल्यासाठी आठवडे घालवू नका. अर्जावर शक्यतो त्याच दिवशी, आणि फार तर सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते.

माझ्या हातात किती वेळ आहे?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासाठीचा १९७१ चा कायदा आहे. कोर्टाच्या आवारात या तक्रारीला नुसतं 'यूएलपी' (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) म्हणतात. या कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार करायची मुदत ९० दिवस आहे, आणि ती काढल्याच्या तारखेपासून मोजतात. साहेबांनी "बघू, पुढच्या महिन्यात बोलवतो" असं म्हटलं म्हणून मुदत थांबत नाही. कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला म्हणूनही ती थांबत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण साहेबांच्या शब्दावर तीन महिने थांबलेले असतात.

दुसरा मार्ग केंद्राच्या कायद्याचा. इथे २१ नोव्हेंबर २०२५ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा रद्द झाला. जुन्या कायद्यात काढल्यापासून ३ वर्षांपर्यंत कोर्टात जाता येत होतं, संहितेत ही मुदत २ वर्षांवर आली आहे. तुम्हाला या तारखेच्या आधी काढलं की नंतर, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

९० दिवस उलटून गेलेत. संपलं का?

नाही. पुरेसं आणि खरं कारण असेल तर कामगार न्यायालय उशीर माफ करू शकतं. आजारपण, घरातला मृत्यू, कंपनीने लेखी दिलेलं आश्वासन अशी कारणं कागदासह मांडावी लागतात. दिवसांचा हिशेब द्यावा लागतो. ते जमणार नसेल तर केंद्राच्या कायद्याचा लांब मुदतीचा मार्ग मोकळा असतो.

दोन्हीकडे एकदम अर्ज केला तर?

करू नका. १९७१ च्या कायद्याखाली तक्रार दाखल केली की त्याच बाबीसाठी केंद्राच्या कायद्याखाली जाता येत नाही. कोणता मार्ग धरायचा, हे वकिलाबरोबर बसून ठरवा.

साधारण हिशेब असा. सूडबुद्धीने काढलं, खोटे आरोप ठेवले, चौकशीचं नुसतं नाटक केलं, घाईघाईने उरकली, किंवा किरकोळ चुकीसाठी थेट नोकरीच घेतली, असं असेल आणि तुम्ही त्याच कंपनीचे कामगार आहात हे कंपनी नाकारत नसेल, तर यूएलपी चांगला. त्यात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेशही मागता येतो. कंपनी जर "हा आमचा माणूसच नाही" म्हणत असेल, तर तो वाद या कायद्याखाली सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये महाराष्ट्रातल्याच खटल्यांत तसं स्पष्ट केलं आहे. अशा वेळी कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडून (तो मालक आणि कामगार यांच्यात तडजोड घडवायचा प्रयत्न करतो) जाणारा केंद्राच्या कायद्याचा रस्ता धरावा लागतो.

समेटाच्या बैठकीला मोफत वकील येईल का?

समेटात वकील उभा राहू शकत नाही, ना तुमचा ना कंपनीचा. तुमच्या बाजूने युनियनचा पदाधिकारी बसू शकतो. प्राधिकरणाचा वकील आधी अर्ज तयार करून देईल, काय बोलायचं ते सांगेल. पण त्या खोलीत कंपनीकडून मुरलेला एचआर अधिकारी येतो आणि तुम्ही एकटे असता. म्हणून युनियन नसली तरी परिसरातल्या एखाद्या जनरल युनियनचे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले कामगार घेणाऱ्या युनियनचे, सभासद होण्याचा विचार करा. मुंबईत कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. जिल्ह्यांच्या ठिकाणी सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी बसतात. तिथला सल्ला फुकट असतो.

माझा हुद्दा 'एक्झिक्युटिव्ह' आहे. मी कामगार धरला जाईन का?

हुद्द्यावर काही ठरत नाही. दिवसभर तुम्ही काय करता, यावर ठरतं. हाताचं, तांत्रिक, कारकुनी काम करत असाल तर व्हिजिटिंग कार्डवर 'असिस्टंट मॅनेजर' छापलेलं असलं तरी तुम्ही कामगार असू शकता. याउलट माणसं नेमणं, रजा मंजूर करणं, शिस्तभंगाची कारवाई करणं हे तुमचं मुख्य काम असेल, तर नाही. सुपरवायझरसाठी पगाराची रेषा आहे. जुन्या कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, संहितेत १८,००० आहे. काम सुपरवायझरचं नसून तांत्रिक असेल तर ही रेषा लागत नाही, मग पगार कितीही असो.

आयटीतल्या मुलामुलींना हे मुद्दाम सांगतो. पुण्यात हिंजवडी-खराडीहून आलेले जवळपास सगळे आधीच ठरवून आलेले असतात की कामगार कायदा आपल्यासाठी नाही. कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, सपोर्टचे फोन घेणारा माणूस तांत्रिक काम करतो. कंपनी याला हरकत घेईल, हे गृहीत धरा. मग रोजचं काम दाखवणारे ईमेल आणि सिस्टीमवर तुमच्या नावावर आलेली कामाची तिकिटं हाच तुमचा पुरावा असतो. कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र उचलून आणू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच केस होते.

कामगार नसाल तर नोकरी परत मिळवून देण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला राहत नाही. उरतो तो करारातल्या नोटिशीच्या पगाराचा आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा.

मी ठेकेदाराकडे आहे. माझं कोण ऐकणार?

आधी तुमचा ठेकेदार कोण, हे कागदावर शोधा. पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव असतं. ते दरवर्षी बदललेलं दिसलं आणि तुम्ही मात्र त्याच मशीनवर उभे होतात, तर ही माहिती मोलाची आहे. काम कोण सांगायचं, रजा कोण द्यायचं, हजेरी कुठे लागायची, हत्यारं कुणाची, हे सगळं लिहून आणा. ठेका नुसता कागदोपत्री आहे आणि खरा मालक कंपनीच आहे, असं म्हणायचं असेल तर ते यावरच उभं राहतं. केस लांबते आणि अवघडही असते, हे आधीच सांगतो. दरम्यान थकलेल्या पगाराची जबाबदारी मात्र मुख्य मालकापर्यंत, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीपर्यंत पोचते. तेवढं मागणं लगेच करता येतं.

नेमणुकीचं पत्रच नाही. काय पुरावा दाखवू?

एक आकडा ध्यानात ठेवा: २४०. काढण्याआधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल तर तुमची सेवा अखंड धरतात. रविवारच्या आणि सणांच्या भरपगारी सुट्ट्या त्यात मोजायच्या असतात. मग कामगारकपात म्हणून काढायचं असलं तरी एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. पण २४० दिवस भरले हे आधी कामगाराला दाखवावं लागतं. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही.

कुठून दाखवायचं? बँकेच्या पासबुकात दरमहा आलेला पगार. पीएफचं पासबुक, ते यूएएन नंबरवरून मोबाइलवरच काढता येतं. ईएसआयचं कार्ड आणि दवाखान्याच्या नोंदी. गेटपास, बसपास, युनिफॉर्मवरचं नाव, ओव्हरटाइमची चिठ्ठी, दिवाळीच्या बोनसची पावती. सुपरवायझरने ग्रुपवर टाकलेली शिफ्टची यादी. व्हॉट्सॲपचे मेसेज नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. मूळ फोन सांभाळा, मेसेज पुसू नका. असा पुरावा कोर्टात द्यायला त्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देईल. हजेरीपट आणि पगारपत्रक कंपनीकडे असतात, ते हजर करायला सांगा असा अर्ज कोर्टात करता येतो. मागूनही कंपनीने दिले नाहीत, तर कोर्ट त्यातून काय समजायचं ते समजतं.

अजून काढलं नाही, पण चार्जशीट दिली आहे. आत्ताच मदत मागू का?

आत्ताच मागा. पुढचं सगळं या टप्प्यावर ठरतं. आरोपपत्राला मुदतीत लेखी उत्तर द्या. चौकशीला हजर राहा. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि स्वतःचे साक्षीदार आणण्याचा तुम्हाला हक्क आहे. चौकशी अधिकारी तो नाकारत असेल तर नाकारल्याची नोंद कामकाजात करून घ्या. तो ती करत नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा. रागाने चौकशीवर बहिष्कार टाकला की ती एकतर्फी होते, आणि पुढे कोर्टात 'मला संधीच दिली नाही' हे म्हणणं टिकत नाही. निलंबित केलं असेल तर निर्वाह भत्ता मागा. स्थायी आदेशांच्या (कंपनीतल्या नोकरीच्या लेखी नियमांच्या) जुन्या कायद्यात तो पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि पुढे पाऊण होता, आता संहितेतही तसाच आहे.

गरोदर असल्याचं सांगितलं आणि काढलं.

प्रसूती रजेवर असताना किंवा त्या कारणाने स्त्रीला काढणं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून बेकायदेशीर आहे. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा लाभ मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे. लैंगिक छळाची तक्रार केली म्हणून काढलं असेल, तर कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करा. दोन्ही बाबतींत मोफत वकील मिळतोच. बायको, बहीण, मैत्रीण कुणीही अशा परिस्थितीत असेल तर तिला एकटीला पाठवू नका, बरोबर जा.

मी खासगी शाळेत शिक्षिका आहे.

मग कामगार न्यायालय तुमचं नाही. शिक्षक कामगार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवलं. तुमच्यासाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. तिथली मुदत फक्त ३० दिवसांची, आदेश हातात पडल्यापासून. स्त्री म्हणून मोफत वकील तुम्हालाही मिळतो. शाळेतल्या शिपाई आणि क्लार्कनाही हाच कायदा आहे. राज्य सरकारी नोकरांनी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं असतं.

नेमून दिलेला वकील फोन उचलत नाही, किंवा पैसे मागतो.

पैसे द्यायचे नाहीत. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाला तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही, त्याचं मानधन प्राधिकरण देतं. प्राधिकरणाच्या सचिवांना, ते स्वतः न्यायाधीश असतात, लेखी तक्रार द्या आणि वकील बदलून मागा. चांगले वकीलही खूप आहेत, पण त्यांच्याकडे केसेसचा ढीग असतो. प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहा, पुढची तारीख वहीत लिहा, ई-कोर्टच्या ॲपवर केस नंबर टाकून बघत राहा.

केस चालू असताना दुसरीकडे काम केलं तर केस जाते का?

नाही. घर चालवायला हवंच. फक्त कोर्टात ते लपवू नका. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेकायदा काढलेल्याला मागील पगारासह कामावर घेणं हा साधारण नियम आहे. मात्र त्याने मधल्या काळात आपल्याला तशी कमाई नव्हती, हे सांगायला हवं. म्हणजे हातगाडीवर वडापाव विकून महिन्याला चार पैसे मिळवलेत, तर तेवढे सांगा. खोटं बोललेलं उघड झालं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. रोजंदारीवरच्या कामगारांच्या बाबतीत नोकरीऐवजी ठोक भरपाईही दिली जाते, याचीही तयारी ठेवा.

कंपनी तडजोडीला तयार आहे. घेऊ का?

आकडा स्वतः काढल्याशिवाय हो म्हणू नका. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल आणि नोकरी ८ वर्षं झाली असेल, तर ग्रॅच्युइटी १३,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ७,५००, एकूण ६०,००० रुपये. ते तुमच्या हक्काचे आहेतच, त्यांना तडजोडीची रक्कम म्हणून दाखवू देऊ नका. त्यावर नोटीस पगार, कपातीची भरपाई, शिल्लक रजा, बोनस आणि घरी बसलेल्या महिन्यांचा पगार मांडा, मग बोला. लोकअदालतीत केलेल्या तडजोडीवर अपील नाही. त्या दिवशी मन तयार नसेल तर सरळ "नाही" म्हणा, केस होती तिथेच पुढे चालते.

पीएफ, ग्रॅच्युइटीचे पैसे घेतले तर केस सोडल्यासारखं होतं का?

होत नाही, पण पावतीवर काय छापलंय ते वाचा. 'माझी कोणतीही मागणी उरलेली नाही' असं असेल तर ते खोडा किंवा स्वतःच्या हाताने 'माझे हक्क राखून स्वीकारले' असं लिहून मगच सही करा. लिहू देत नसतील तर पैसे खात्यावर जमा करायला सांगा आणि तेच ईमेलने कळवा.

आम्ही गोव्यात आहोत.

महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा तिथे नाही, त्यामुळे ९० दिवसांची ती तक्रारही नाही. केंद्राच्या कायद्याखाली पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनातल्या कामगार आयुक्तांकडे जा. मोफत वकिलाचा १९८७ चा कायदा मात्र देशभर एकच आहे. उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, १५१०० हाच क्रमांक तिथेही लागतो.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

एका कागदावर तारखा लिहून आणा: कामाला कधी लागलो, पगार किती होता, कोणत्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं, कोण साक्षीला होतं. आठवतंय तसंच, सजवून नको. तुमची चूक झाली असेल तर तीही लिहा. कंपनी ती काढणारच असते, आपल्या वकिलाला ती आधी कळायला हवी. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आणा, मूळ प्रती घरी ठेवा. आणि काढल्याची तारीख कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, आम्ही आधी तिथूनच दिवस मोजतो.